गडगडबाबाची वेल

तान बाओलिनच्या हाताखालून अर्ध्या यांगचौ शहराची पाठ गेली होती. पूर्व दरवाजाच्या गल्लीतल्या जुन्या हमामखान्यात तो अंग चोळायचं काम करी. ओला पंचा हाताला घट्ट गुंडाळायचा, गिऱ्हाइकाला बाकावर पालथं घालायचं आणि मानेपासून टाचेपर्यंत असा मळ काढायचा, की उठलेला माणूस चार पावलं तरंगतच चाले. कुणाच्या पाठीवर कुठं तीळ आहे, कुणाचा कोणता गुडघा दुखरा, कुणाला बरगडीपाशी गुदगुल्या होतात, सगळं त्याला तोंडपाठ. तेच लोक रस्त्यात कपडे घालून समोर आले, की मात्र ओळख पटायला त्याला जरा वेळ लागे.

अशा माणसाशी त्याच्याच कातडीनं दावा मांडला.

सुरुवात कोपरांपासून झाली. लालसर चकता आणि वर चांदीच्या वर्खासारखा पापुद्रा. मग गुडघे, मग कंबर, आणि चाळिशी गाठली त्या हिवाळ्यात पाठ. डॉक्टरांच्या भाषेत सोरायसिस, गावच्या भाषेत बैलकातडं. विजेच्या खांबांवर भोंदू वैद्य ज्या जाहिराती डकवतात त्यांनाही यांगचौत हेच नाव आहे, कारण त्याही आज खरवडल्या की उद्या पुन्हा उगवतात.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणूस लांब बाह्यांचा सदरा घालून निभावून नेतो. हमामखान्यात चोळणारा उस्ताद आखूड चड्डीवर उभा. लपवायचं म्हटलं तरी लपवणार कशात? जुन्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, पण उपाय सुचवून सुचवून त्याला बेजार केलं. एकानं सांगितलं, लसूण ठेचून लाव. दुसऱ्यानं सापाची कात सांगितली. सगळ्यांत पुढं गेंगकाका. त्यांनी हयातभर कालव्यावर मालाची बोट हाकली होती, आता रोज दुपारी सगळ्यांत कढत कुंडात गळ्यापर्यंत बसून ते जगाचा कारभार हाकत.

"बाओलिन, तुझ्या आत ओल साचलीय," काका वाफेतून म्हणाले. "मला माहीत आहे. बोटीलाही असंच होतं. बाहेरनं कितीही रंग दे, आतलं लाकूड वाळल्याशिवाय पोपडे थांबत नाहीत."

"मग काय करू, काका? डांबर लावू?"

"लावून बघितलंस का?"

लावून बघितलं होतं. डांबराचा मलम, उसाच्या मळीसारखा दिसणारा. चादर गेली, डाग राहिले.

मग एका शनिवारी बाहेरगावचं एक गिऱ्हाईक आलं. बाओलिननं पंचा गुंडाळला, तसा तो गृहस्थ बाकावरून उठून बसला आणि म्हणाला, "हा मला शिवायचा नाही."

"हे लागण होणारं नाही, साहेब," बाओलिन म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात."

हमामखान्याची मालकीण छूबाई मनानं वाईट नव्हती. तिनं बाओलिनला गल्ल्यापाशी बोलावलं, आधी चहा पाजला आणि मग म्हणाली, "थोडे दिवस पंच्यांचं काम बघ. अंगाला आराम पडेल तुझ्या."

पंच्यांचं काम म्हणजे गरम पंचे पिळून दिवाणखान्यात लवंडलेल्या लोकांकडे लांबूनच भिरकवायचे. त्यातही एक कसब असतं. जो पोऱ्यापणापासून तेच करतो, त्याचा पंचा बरोबर गिऱ्हाइकाच्या पंज्यात जाऊन पडतो. बाओलिनचा पहिला पंचा एका निवृत्त न्यायाधीशाच्या चहात पडला आणि दुसरा त्यांच्या तोंडावर. न्यायाधीश सज्जन, त्यांनी तोंड पुसून घेतलं. पण बाओलिन घरी जाऊन अंधारात बसला, दिवाही लावला नाही. बाक गेलं होतं. हात शाबूत, ताकद शाबूत, पण दोन्ही आता बिनकामाची.

सोमवारी तो देशी औषधांच्या इस्पितळात गेला. तिथल्या डॉ. मिन म्हणजे पन्नाशीच्या, चणीनं लहान आणि आवाजानं मोठ्या बाई. त्यांच्या टेबलाभोवती नेहमीसारखी सात-आठ माणसं कोंडाळं करून उभी. ज्याची पाळी तो बसायचा आणि बाकीचे ऐकायचे.

डॉक्टरांनी त्याची पाठ पाहिली, जीभ पाहिली, नाडी पाहिली. मलमांची यादी ऐकून घेतली.

"आता बाहेरनं सारवण पुरे," त्या म्हणाल्या. "पोटातून औषध देते. गडगडबाबाच्या वेलीचं नाव ऐकलंय?"

"डोंगरातली? ती विषारी असते ना?"

"असतेच. पान खाल्लं तर माणूस जातो. मुळाची साल काढून, आतल्या गाभ्यातलं हवं तेवढंच घेऊन गोळी करतात. तुमचं रक्त तुमच्याच कातडीवर उगाच चिडलंय, त्याला ती शांत करते. पण गोळी शांतपणानं घ्यायची. जेवणानंतरच. अधूनमधून रक्त तपासायचं, यकृत तपासायचं. एक जास्त खाल्ली म्हणून लवकर बरं वाटत नाही, लवकर इथं भरती व्हावं लागतं." मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

"नाहीत."

"लग्न?"

"नाही."

"ठरतंय कुठं?"

कोंडाळं जवळ सरकलं. बाओलिनचे कान लाल झाले. "नाही, डॉक्टर."

"मग ठीक. ही गोळी पुरुषाचं बी झोपवते. गोळी थांबवली की बहुधा जागं होतं, पण काही महिने जातात. तेव्हा कुणी पसंत पडली तर आधी मला सांगायचं, मग तिला."

मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीनं हसू दाबलं आणि बाओलिनच्या खांद्यावर थोपटलं. पिशवीत गोळ्या घेऊन तो बाहेर पडला. मुलाबाळांचा विचार त्यानं कधीच गुंडाळून ठेवला होता, त्यामुळे त्या अटीचं त्याला काहीच वाटलं नाही. जड गेली ती दुसरी अट. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं: दारू नाही, कोळंबी नाही, बकरा नाही आणि हंस नाही. अंगावर उठणाऱ्याला हे पदार्थ चेतवतात.

आणि हंस म्हणजे युनफांगचा हंस.

गल्लीच्या तोंडाशी मियाओ युनफांगचं खाऱ्या हंसाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेचं एक कपाट, एक ओंडका आणि एक सुरा. छत्तीसची बाई, नवऱ्यापासून कायदेशीर मोकळी झालेली, हाताला मिठाचा वास आणि जिभेला सुऱ्याची धार. कामावरून सुटल्यावर बाओलिन रोज तिच्याकडून हंसाचा मागचा पाव भाग घेई. ती खटखट तुकडे करी, वरून खारं पाणी सोडी आणि दोघं हवामानाबद्दल एकेक वाक्य बोलत. बरीच वर्षं एवढंच.

आता तो दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागला. आठवडाभर तिनं पाहिलं. मग सुरा हातात घेऊनच ती रस्त्यात आडवी आली.

"तान उस्ताद, माझ्या हंसात काही निघालं का?"

"नाही, नाही. काही नाही."

"मग त्या पश्चिमेच्या पुलावरच्या बाईकडे जाता? तिचा हंस म्हणजे मिठात बुडवलेला जोडा असतो."

"डॉक्टरांनी बंद केलाय," बाओलिन म्हणाला, आणि सुऱ्याच्या धाकानं असेल किंवा कुणी विचारलं म्हणून असेल, त्यानं बाही वर करून कोपर दाखवलं. वेल, गोळ्या, पंचा, न्यायाधीशाचा चहा, सगळं त्यानं तिथंच सांगून टाकलं. एक गोष्ट तेवढी गाळली.

युनफांगनं कोपर नीट पाहिलं, जसा ती बाजारातून येणारा पक्षी पाही. "हंसाची पिसं उपटल्यावर कातडी याहून वाईट दिसते," ती म्हणाली. "उद्यापासून इथनं सोयाबीनचं पनीर घेऊन जायचं. खाऱ्या पाण्यात उकळलेलंच, पण हंसाच्या नव्हे, वेगळ्या भांड्यात करीन."

तिनं खरंच वेगळं भांडं काढलं. त्याला हवामानाबद्दलची वाक्यं पुरेनाशी झाली.

गोळ्यांनी पहिले काही आठवडे फक्त पोट बिघडवलं. मग एका सकाळी आंघोळ करताना त्याच्या लक्षात आलं, की पापुद्रे निघत नाहीयेत. लाल होतं ते गुलाबी झालं, गुलाबी होतं ते फिकट तपकिरी. वसंत ऋतू सरता सरता पाठ कोरी झाली. छूबाईनं त्याला दिव्याखाली उभं करून पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाली, "जा. बाक घे तुझं. पंचे टाकणारा म्हणतोय, तू आणखी राहिलास तर तो गाव सोडेल."

गेंगकाकांनी पहिला नंबर लावला. पालथं पडल्या पडल्या ते म्हणाले, "गोळीत काय असतं? चिमूटभर. तुझ्यासाठी मी खरी वस्तू मागवलीय. माझा भाचा फूच्येनच्या डोंगरात राहतो. अख्खं मूळ, तांदळाच्या दारूत मुरवलेलं. घोटभर घेत जा. परत डाग येणार नाही."

त्यांनी बरणी आणली होती. तपकिरी पाण्यात सापासारखं वेटोळं घालून मूळ बसलेलं. नाही म्हणावं तर काकांचा जीव दुखावणार. बाओलिन बरणी घेऊन निघाला, तर वाटेत युनफांगनं हटकलं.

"हे काय?"

"तीच वेल. काकांनी दिली. म्हटलं, गोळीपेक्षा स्वस्त आणि—"

"डॉक्टरांना विचारलंस?" ती पहिल्यांदाच त्याला अरेतुरे बोलली. "आधी विचार. विचारल्याशिवाय झाकण उघडलंस, तर माझ्या दुकानासमोरून जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो बरणी मांडीवर घेऊन बसमधून इस्पितळात गेला. डॉ. मिन यांनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साल काढलेली नाही. कुणी दिलं?"

"आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. प्रेमानं."

"माझे निम्मे पेशंट असं प्रेमानं दिलेलंच काहीतरी पिऊन येतात. कुणी प्यायलंय का यातलं?"

"नाही. काका म्हणाले, तुझ्यासाठीच ठेवलं."

"नशीब त्यांचं आणि तुमचं." त्यांनी बरणी कपाटात कुलूपबंद केली. ती नष्ट करायची पद्धत वेगळी होती म्हणे.

काकांना सांगताना बाओलिननं शब्द फार जपून वापरले. काका दोन दिवस कढत कुंडात पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाच्यालाही कळवलं मी. त्याच्या कपाटात अशीच आणखी एक बरणी होती. त्याचे गुडघे दुखतात." मग त्यांनी विचारलं, "पण बरणी तरी परत दिली का बाईंनी? चांगली होती."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं आणि युनफांग ओंडका खरवडत होती. काही न विचारता, वर न पाहता ती म्हणाली, "माझ्या वरच्या खोलीत जागा आहे. लग्न करायचं तर लवकर करू. मला मूल हवंय आणि माझं वय थांबणार नाही. तुझं काय म्हणणं?"

बाओलिनला वाटलं, आपण आत्ता इथं नसतो तर बरं झालं असतं. आनंद झाला होता, पण ती गाळलेली गोष्ट अजून सांगायची होती. कशीबशी ती त्यानं बाहेर काढली. वेल कातडीबरोबर आणखी काय काय झोपवते ते सांगितलं.

युनफांगनं एक हंस ओंडक्यावर घेतला. कुणी मागितला नव्हता तरी पुरा तोडला. मग म्हणाली, "गोळी बंद केल्यावर?"

"डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांनी सगळं पूर्वीसारखं होतं. बहुतेक."

"आणि अंग?"

"तेही पूर्वीसारखं होतं."

ती आधी हसली नाही. त्यानं स्वतःच हे वाक्य दुसऱ्यांदा मनात ऐकलं आणि तो हसला, तेव्हा तीही हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि हात खारट असल्यानं ते आणखीच चुरचुरले.

"बाक जाईल तुझं," ती म्हणाली.

"जाईल कदाचित."

"मला हो म्हणायची घाई करू नकोस. विचार कर."

त्यानं विचार केला. बाकावर उभा राहून, दुसऱ्यांच्या पाठी चोळत केला. पाठ कोरी झाल्यापासून तो माणसांत आला होता. पोहायच्या तलावावर गेला होता, अर्ध्या बाह्यांचा सदरा विकत घेतला होता. हे सगळं परत द्यायचं होतं. शनिवारी तो युनफांगला घेऊनच डॉ. मिन यांच्यासमोर बसला.

"आधी मला सांगा म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"हिनंच आधी विचारलं," बाओलिन म्हणाला. कोंडाळ्यातले लोक युनफांगकडे कौतुकानं पाहू लागले.

गोळ्या बंद झाल्या. त्याऐवजी काढा आला: एक पिठूळ कंद, पिवळी मुळं आणि आणखी काय काय, मातीसारखा कडू. "हा सौम्य आहे," डॉक्टरांनी बजावलं. "गोळीएवढी अपेक्षा करू नका. थोडं येईल. थोडंच राहावं, एवढा आपला प्रयत्न."

थोडं आलं. आषाढाच्या उकाड्यात कोपरं, मग पाठीवर तळव्याएवढा एक चकता. बाओलिननं लांब बाह्या घातल्या आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जाऊ लागला. हमामखान्यात मात्र दुसरं टोक नव्हतं. त्यानं छूबाईला आपण होऊन डाग दाखवला आणि म्हणाला, "पंचे टाकायला जातो."

"पंचेवाला मला सोडून जाईल," छूबाई म्हणाली. "गिऱ्हाइकाला विचार आणि मग हात लाव. नको म्हणेल त्याला पलीकडच्या बाकावरचा हुआ चोळेल."

त्या दिवशी पहिल्या दोघांनी हुआला हाक मारली. तिसरे गेंगकाका. ते येऊन बाओलिनच्या बाकावर पालथे पडले.

"काका, परत आलंय," बाओलिन म्हणाला. "आधी बघून घ्या."

"मी कशाला बघू? माझ्या पाठीला डोळे आहेत का? चोळ. डाव्या खांद्याखाली जरा जोर लाव."

त्यानं जोर लावला. पलीकडच्या बाकावरून निवृत्त न्यायाधीश हुआला म्हणाले, "तू राहू दे, मी तानसाठी थांबतो. त्यानं पंचे टाकण्यापेक्षा चोळलेलं बरं."

संध्याकाळी युनफांग हमामखान्याच्या दाराशी उभी होती. पुरुषांच्या दारात बाई पाहून लोक बाजूनं जात होते. बाओलिन बाहेर आला तसा तिनं त्याचा हात धरला आणि रस्त्यातच बाही वर केली.

"एवढंच?"

"पाठीवरही आहे."

"मग पाठ दाखव."

"इथं?"

"दिवसभर उघडाच असतोस ना?"

त्यानं सदरा वर केला. हजारो पाठी त्यानं पाहिल्या होत्या, पण आपली पाठ तिच्यापुढं करताना त्यानं डोळे मिटून घेतले. युनफांगनं चकत्याच्या कडेनं बोट फिरवलं. बोट गार होतं.

"दुखतं?"

"नाही. खाजतं."

"मलम घेऊन ये वर. तुझा हात तिथं पोचत नाही, हे दिसतंच आहे."

गारव्याचे दिवस सुरू झाले तेव्हा त्यांचं लग्न झालं. जेवण चहाघरात होतं. काकांनी भाषण केलं, त्यात बोट, ओल आणि बरणी तिन्ही आल्या. काढा चालू राहिला. त्याच्या वासानं शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूनं तक्रार केली, तेव्हा युनफांगनं त्याला हंसाचा गळा देऊन गप्प केलं. डाग कधी आवळे, कधी पसरे. काही गिऱ्हाइकं हुआची झाली ती झालीच. बाकीची राहिली. मूल मात्र लवकर राहिलं नाही. दर महिन्याला युनफांग दोन दिवस कमी बोलायची आणि बाओलिन भांडी घासायचा. दुसरा हिवाळा संपत आला तेव्हा एका सकाळी हंसाच्या वासानं तिला मळमळलं. आयुष्यात पहिल्यांदाच. ती ओंडक्यावर सुरा तसाच ठेवून वर आली आणि पलंगावर बसून राहिली. बाओलिन तिच्याशेजारी येऊन बसला. दोघं काढा उकळताना ऐकत बसले.

मुलगी झाली. नाव ठेवलं रुईछिंग.

ती वर्षाची झाल्यावर डॉ. मिन यांनी तपासणी केली आणि म्हणाल्या, "आता पुन्हा गोळी देता येईल. पाठ कोरी होईल. तुमचं दोघांचं ठरवा." युनफांगचं ठरलेलं होतं. एक पोर पुरे, ती म्हणाली, आणि पिशवी तिनंच घेतली.

गोळ्या घेऊन आले त्या दुपारी बाओलिन खिडकीपाशी उन्हात बसला होता, मांडीवर रुईछिंग. तिनं त्याचं कोपर धरलं आणि चांदीच्या त्या पापुद्र्याला इवल्या बोटांनी टोकरू लागली.

"अगं, नको," युनफांग ओरडली. "बाबांना लागेल."

"राहू दे," बाओलिन म्हणाला आणि त्यानं हात थोडा तिच्याकडे वळवला. "नेमकं तिथंच खाजत होतं."